फोटो दुरुस्तीला दिलाय

मलकपेठ, ६ जुलै

चि. सौ. मेधा हिस,

आशीर्वाद आहेतच. रागाच्या खाली कुठंतरी असतील, शोधून घे.

फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस. हे पत्र विक्रमच्या हाती देतोय. तो वाचेल ही भीती नाही. त्याला आम्ही इंग्रजी शाळेत घातला, दुकानाची मराठी पाटीसुद्धा बोट ठेवून वाचतो. माझं अक्षर त्याला सात जन्मांत लागायचं नाही. आपल्या घरात मराठी वाचणारी माणसं दोनच, तू आणि मी, आणि नेमकं त्या दोघांचं बोलणं बंद.

शुक्रवारी पाळणाघरात गेलो होतो, ईशाला आणायला. एप्रिल गेला, मे गेला, पोरगी हसती-खेळती आहे, म्हटलं सुनेचा राग निवला असेल. तर पद्मावतीबाई फाटकातच उभ्या. म्हणाल्या, "अप्पाराव, आत या, पाणी घ्या. पण ईशाला तुमच्या हाती देता येणार नाही."

मी म्हणालो, "कायकू?"

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. तिथली रीत तुला सांगायला नको. मुलाच्या नावाखाली ज्यांचे फोटो, त्यांच्याच हाती मूल. ईशाच्या नावाखाली तीन फोटो असायचे. आता दोन आहेत, तुझा आणि विक्रमचा. माझ्या जागी चिकटपट्टीचा पिवळा डाग आहे. मेधा, पोराबाळांच्या शाळेत माझी जागा डागानं घ्यावी, इतकं मी काय केलं?

काय केलं ते तू म्हणशीलच, म्हणून मीच म्हणतो. शेंगदाण्याचा लाडू दिला. सगळा जन्म उस्मानगंजात शेंगदाण्याच्या अडतीवर बसलो. त्या दाण्यावर विक्रमला इंजिनिअर केला, त्या दाण्यावर तुमच्या लग्नात बिदरहून दोन बस आणल्या. आमच्यात नवी शेंग आली की गुळात लाडू वळतात आणि पहिला घास घरातल्या सगळ्यांत धाकट्याला देतात. माझ्या आईनं मला दिला, मी विक्रमला दिला. एप्रिलात नवी शेंग आली, पाळणाघरातून येताना ईशाला एक घास दिला. एक. डॉक्टरांनी बंदी केली होती, तू फ्रिजवर कागद लावला होतास, हौ, सगळं कबूल. मला वाटलं, नवीन फॅड आहे. पुढं तिचे ओठ सुजले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली, मी तिला उचलून रिक्षानं दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं काय दिलं ते. लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. पोरगी वाचली. तरी तू बिऱ्हाड उचलून दिलसुखनगरला नेलंस. नेलंस तर नेलंस. पण भिंतीवरून काढलंस?

तुला एक गंमत सांगतो. मूल हाती द्यायच्या आधी पद्मावतीबाई दिवस हाती देतात ना, काय खाल्लं, किती झोपली, कशाला रडली, आणि ते ऐकून आपण परत म्हणून दाखवायचं, त्याचा मला भारी वैताग होता. घाईत असलो की पाढ्यासारखं म्हणून मोकळा व्हायचो. "दोन पोळ्या, वरण, तासभर झोप, अमेयला चावली." शुक्रवारी बाहेर उभा राहून दुसऱ्या एका म्हाताऱ्याला त्याच्या नातवाचा दिवस मिळताना ऐकला. तो "खिचडी, दोनदा शी" म्हणत होता आणि मीही त्याच्याबरोबर मनात म्हणत होतो.

फोटो परत लाव. बाकी काही मागत नाही.

अप्पाराव


मलकपेठ, २७ जुलै

चि. सौ. मेधा,

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिलंस, कागद वाचवलास. "अप्पा, तुमचं ईशावर प्रेम आहे यात शंका नाही. तुम्ही माझं ऐकत नाही यातही शंका नाही. फोटो लागणार नाही." अक्षर सुरेख आहे तुझं. मजकूर वाचून चहा गार झाला.

बरं. आता दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. मी संध्याकाळी त्या गल्लीतून जातो. भाजी घ्यायला. तुला ठाऊक आहे, भाजी आमच्या चौकातच मिळते, त्यामुळं हे सोडून दे. जातो, फाटकाच्या समोर कडुनिंबाखाली उभा राहतो, ती विक्रमच्या नाहीतर तुझ्या कडेवर बाहेर पडायच्या आत निघतो. रोज नाही. बहुतेक रोज.

मंगळवारी तिनं मला पाहिलं. पळत फाटकाशी आली, गजांतून हात काढला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही भिंतीवर का नाही?"

मी काय सांगणार होतो? तुझ्या आईनं काढलं म्हणून सांगू? तसं म्हटलं असतं तर ती घरी येऊन तुला विचारत बसली असती. म्हणालो, "माझा फोटो जरा खराब झाला होता, बाळ. दुरुस्तीला दिलाय." तिला पटलं. "मग कधी मिळेल?" म्हणाली. म्हणालो, दुकानदार सांगेल तेव्हा. तिनं विचारलं तर तू एवढंच म्हण. मला खोटं पाडायचं असेल तर पाड, पण तिच्यासमोर नक्को.

पद्मावतीबाईंनी पाहिलं हे सगळं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अप्पाराव, तुम्ही इथं उभे असता हे मला ईशाच्या आईला सांगावं लागेल." मी म्हणालो, "मी काय पोरं पळवणारा आहे का?" त्यांचा आवाज तसूभरही वाढला नाही. म्हणाल्या, "तुमच्याविषयी शंका नाही. पण मुलाबाबत मला जे दिसतं ते त्याच्या आईला दिसलंच पाहिजे. उद्या दुसरा कुणी उभा राहिला तर?"

मी तणतणत घरी आलो. पण रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं. दुसरा कुणी उभा राहिला तर. त्या बाईनं एखाद्या परक्या माणसाला गोड बोलला म्हणून पोर दिली असती, तर मीच तिचं पाळणाघर डोक्यावर घेतलं असतं.

हे लिहिलं म्हणून मी तुझं म्हणणं मान्य केलं असं समजू नकोस.

अप्पाराव


मलकपेठ, ३१ ऑगस्ट

चि. सौ. मेधा,

कालच्या बैठकीत तू पुढच्या रांगेत होतीस आणि मी अगदी मागं. फाटकावर पाटी होती, "मुलांचं खाणं आणि ॲलर्जी, घरातलं कुणीही यावं." कुणीही म्हणजे मीही. मोठ्या खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून पोरांच्या लाल खुर्चीवर बसलो. बसलो खरा, उठायला स्वयंपाकीण भाग्यलक्ष्मीनं हात दिला. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या. हसू दे.

ती डॉक्टर पोरगी चांगली बोलली. थोडं तेलुगू, थोडं हिंदी, हातवारे करून. घसा आतून कसा सुजतो, हवा कशी अडते. एकदा थोडक्यात निभावलं म्हणजे दुसऱ्यांदा निभावेलच असं नाही, उलट जास्त जोरात येऊ शकतं. मी मागून विचारलं, "एकच दाणा असेल तर?" ती म्हणाली, "अंकल, दाण्याला लागलेला हातसुद्धा पुरे."

तेव्हा तू वळून पाहिलंस. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

मेधा, मी ज्या दाण्याला लक्ष्मी म्हणत आलो त्यानं माझ्या नातीचा घसा बंद होतो. हे गिळायला मला एप्रिलपासून कालपर्यंत वेळ लागला. घरी आलो आणि घरखर्चाला ठेवलेलं पोतं रेसकोर्सपाशी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बाईला देऊन टाकलं. फळ्या धुतल्या, डबे धुतले, दाण्याच्या कुटाची ती तुझ्या सासूची बरणीही दिली. ती गेल्यापासून जपली होती. असो. हे तू फोटो लावावास म्हणून सांगत नाही. खोटं कशाला बोलू, त्यासाठीही सांगतोय.

पण आता माझाही एक राग ऐक. त्या डॉक्टर पोरीनं जे दहा मिनिटांत सांगितलं ते तू मला कधी सांगितलंस? फ्रिजवर इंग्रजी कागद लावलास. वर लाल शाईनं रेघ मारलीस. मी उभ्या उभ्या वाचला, शब्द कळले, धाक कळला नाही. तू एकदा जरी समोर बसून म्हणाली असतीस, "अप्पा, असं असं होतं, पोरगी जाईल आपली," तर मी लाडू वळला असता का? पद्मावतीबाई कालच्या पोराचा दिवससुद्धा परत म्हणवून घेतात. तू घरातल्या म्हाताऱ्याला कागद दाखवून मोकळी झालीस. तुला वाटलं, हा काय ऐकणार. न सांगताच ठरवलंस.

माझं चुकलंच नाही असं म्हणत नाहीये. तुझंही थोडं आहे, एवढंच.

अप्पाराव


मलकपेठ, २८ सप्टेंबर

चि. सौ. मेधा,

परवाच्या शुक्रवारचं अर्धं तू पाहिलंस. उरलेलं अर्धं तुला मिळायला हवं, म्हणून सगळं लिहितो. गुडघ्याला थोडं लागलंय, त्यामुळं बसूनच आहे. विक्रम उद्या बंगळूरहून आला की त्याला पायाचं सांगू नकोस.

सकाळीच गंडीपेठच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणून बोंब होती. मुशी नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. दुपारी इकडं आभाळ फाटलं आणि रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं. मी चारच्या सुमारास गल्लीत पोचलो तेव्हा पाणी फाटकाच्या उंबऱ्याला लागत होतं. मी तिथं का होतो ते विचारू नकोस.

ज्यांना जमलं ते आईबाप येऊन पोरं घेऊन गेले. शेवटी तीन राहिली: ईशा, अमेय आणि एक रांगणारं. लाईट गेलेली, कुणाचाही फोन लागत नव्हता. पोरांनी सकाळी सणाची बतकम्मा, झेंडूच्या फुलांची उतरंड, रचली होती, ती ओसरीवरून सुटून पाण्यावर फिरत होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. मोठी माणसं म्हणजे पद्मावतीबाई, भाग्यलक्ष्मी आणि फाटकाबाहेरचा मी. बाईंनी मला हाताला धरून आत घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "अप्पाराव, तुमचं घर चढावर आहे. पाणी तिथं येणार नाही. ईशाला घेऊन जा तुम्ही. मी जबाबदारी घेते."

मेधा, जुलैपासून मी याच शब्दांसाठी त्या कडुनिंबाखाली उभा होतो. ईशा माझ्या धोतराला धरून होती. चार पावलं टाकली असती की झालं.

मी नाही म्हणालो.

का, ते सांगतो. तू माधापूरच्या ऑफिसातून धडपडत येणार हे मला ठाऊक होतं. गल्लीत कमरेएवढं पाणी, पाळणाघरात अंधार, आणि ईशा नाही. "आजोबा घेऊन गेले" हे बाईंनी सांगेपर्यंत तुझं काय झालं असतं? एप्रिलात दवाखान्याच्या बाकावर तुझा चेहरा मी पाहिलाय. पुन्हा तो माझ्यामुळं बघायचा नव्हता. मी म्हणालो, "बाई, माझा फोटो भिंतीवर नाही. पोर तिच्या आईच्याच हाती जाईल. तोवर मीही इथंच."

आम्ही पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर घरमालकांकडं गेलो. भल्या माणसांनी दार उघडलं. पोरं भुकेली होती, घरमालकीणबाई लगबगीनं आत गेल्या आणि पोरांपुढं एक ताट ठेवलं. बाई आणि भाग्यलक्ष्मी रांगणाऱ्याचे कपडे बदलत होत्या. मेणबत्तीच्या उजेडात मला पिवळा भात दिसला. पुलिहोरा. चिंचेचा भात, आणि त्यात या लोकांच्यात काय असतं ते मला विचार, निम्म्या गावाला मीच विकलेत.

ईशाची मूठ भरलेली होती. मी तिचं मनगट धरलं. तिनं मूठ आवळली. एकेक बोट उघडून भात काढला, तीन दाणे होते त्यात. ती किंचाळली आणि माझ्या हाताला कडकडून चावली. "तोंडात घातलं का, बाळ? घातलं का?" ती नाही म्हणाली. पोरं नाहीच म्हणतात. मी तिचे हात साबणानं धुतले, परत धुतले, तोंड पुसलं, छातीला कान लावून बसलो. श्वासाची शिट्टी कशी असते ते मला माहीत आहे. तेवढ्यात आठवलं, तिच्या औषधाची पिशवी खाली भिंतीवरच्या खुंटीला राहिलीय.

भाग्यलक्ष्मी जाते म्हणाली, मी तिला पोरीजवळ बसवलं, ओठ सुजतात का बघ म्हणून. खाली गुडघ्याच्या वर पाणी होतं. चाचपडत भिंतीशी गेलो. खालच्या ओळीतले फोटो भिजून लोंबत होते. ईशाची ओळ वरची, म्हणून वाचली. तू, विक्रम आणि डाग. पिशवी काढली आणि वळताना पाय घसरला, पण पिशवी वर धरली होती, ती कोरडी राहिली.

सांगून टाकतो, पिशवी लागली नाही. तिनं खरंच खाल्लं नव्हतं. पण ते कळेपर्यंत मी मेणबत्तीच्या उजेडात तिचे ओठ बघत बसलो. भाग्यलक्ष्मीनं गॅसवर वेगळ्या पातेल्यात भात लावला, दही घालून दिला. मालकीणबाई मला म्हणत होत्या, तुम्ही तरी पुलिहोरा घ्या. मी नाही घेतला. तिला मांडीवर घ्यायचं होतं, हाताला लागलं असतं.

पुढचं तू पाहिलंस. सात वाजत आले होते. तू जिन्यात आलीस, नखशिखांत भिजलेली, एक चप्पल नाही. मी ईशाला लगेच दिलं नाही, त्याचा राग मानू नकोस. तिथली रीत आहे. मी दिवस सांगितला: "साधा भात आणि दही. अर्धा तास झोपली माझ्या मांडीवर. दोनदा रडली. शेंगदाणा समोर आला होता, पोटात गेला नाही. मला चावली."

आणि तू, तशी गळत्या केसांनी उभी राहून, परत म्हटलंस. "साधा भात, दही. अर्धा तास झोप. दोनदा रडली. शेंगदाणा पोटात गेला नाही." थांबलीस, आणि मग, "तुम्हाला चावली."

मग ती तुझ्या कडेवर गेली आणि तुम्ही निघालात.  

काल सकाळी लंगडत जाऊन त्या मालकीणबाईंना शेंगदाण्याचं सगळं समजावून आलो, माझ्या मोडक्या तेलुगूत. परत म्हणून दाखवा म्हणालो. त्यांनी म्हटलं. त्यांच्या घरच्यांनाही म्हणायला लावलं.

एप्रिलात माझं चुकलं, मेधा. एक घास म्हणून मी फार मोठी गोष्ट हलकी धरली. फोटोचं आता विचारत नाही. ईशाला मात्र दुकानदार बेपत्ता झाला असं सांगू नकोस, आणखी काही दिवस दुरुस्तीला आहे म्हण.

अप्पाराव


दिलसुखनगर, १ ऑक्टोबर

ती. अप्पांना नमस्कार,

विक्रमकडे पाठवते आहे. पायाचं त्याला मी सांगितलं. उद्या दसऱ्याला तो तुम्हाला हाडाच्या डॉक्टरकडे नेऊन मग इकडे घेऊन येईल. कुरकुर करू नका.

फ्रिजवरचा कागद काढला. जे तेव्हा समोर बसून सांगायला हवं होतं, ते आता मराठीत लिहिते. शेंगदाणा नाही. शेंगदाण्याचं तेल नाही. बाहेरची चिक्की, फरसाण, पुलिहोरा नाही. वाटेत काहीच खायला द्यायचं नाही, ती कितीही रडली तरी. ओठ, डोळे, श्वास, यांतलं काहीही बदललं तर आधी पिशवी, मग दवाखाना, मग मला फोन, आणि माझ्या ओरडण्याची भीती बाळगायची नाही. तुम्ही घरात होतात म्हणून मी बिनधास्त कामावर जात होते. म्हणूनच एप्रिलात इतकी चिडले. हे पण सांगायचं राहिलं होतं.

बुधवार आणि शुक्रवार तुम्ही आणायचं. उद्या आल्यावर वरचं सगळं मला परत म्हणून दाखवा. एकही शब्द चुकला तर पुन्हा.

पद्मावतीताई भिंतीवर सगळ्यांचे फोटो नव्याने लावत आहेत. सोमवारी ईशाने फाटकातच त्यांना विचारलं, आजोबांचा फोटो दुरुस्त झाला का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणाले.

मेधा